फोटोखालचं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत महिला छायापत्रकारांवर लेख आला होता. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावालांबद्दल छान लिहिलंय. अमेरिकेतल्या जेसी टार्बॉक्स बील्स या वृत्तछायाचित्रकार बाईचा मात्र उल्लेखही नाही. ते एक खटकलंच, पण लेखासोबतच्या तिन्ही फोटोंखाली काढणाऱ्याचं नाव नाही, हे जास्त खटकलं. या दोन्हींचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

जेसी मूळची कॅनडातल्या हॅमिल्टनची, जन्म 1870 चा. अठराव्या वर्षाच्या आसपास ती मास्तरीण म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आली. मासिकाचे वर्गणीदार गोळा करून 1888 मध्ये बक्षीस म्हणून एक स्वस्तातला कॅमेरा मिळवला. पुढे लग्न झालं, शाळा सुटली, आणि 1900 मध्ये व्हरमाँटच्या एका स्थानिक पत्राने तिचे फोटो तिच्या नावानिशी छापले. दोन वर्षांनी बफेलोच्या वृत्तपत्राने तिला नोकरीवरच घेतलं. अमेरिकेतली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून तिचं नाव घेतात ते यामुळे.

1903 मध्ये बफेलोत बर्डिक खून प्रकरण गाजत होतं. न्यायालयात छायाचित्रकारांना बंदी. ही बाई बाहेर असलेल्या पुस्तकांच्या कपाटावर चढली आणि दारावरच्या झरोक्यातून आतला फोटो घेतला! अंगात घोट्यापर्यंतचा झगा, डोक्यावर भली मोठी हॅट. कॅमेरा आठ बाय दहा इंची काचेच्या प्लेटचा, सगळं सामान मिळून 50 पौंड, म्हणजे 22 किलोच्या पुढे. मी तीस वर्षं स्टुडिओ चालवला. लग्नात स्टुलावर चढून वरमाला टिपताना माझे पाय लटपटायचे, तेही हलक्या कॅमेऱ्याने.

1904 च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनात तिला आधी परवानाच मिळेना. हुज्जत घालून मिळवला. मग शिडीवर चढ, बलूनमध्ये बस, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या मागे फिर. त्याच प्रदर्शनात फिलिपिन्सहून आणलेल्या इगोरोट लोकांना पाहण्याची वस्तू म्हणून ठेवलं होतं. तिने त्यांचेही फोटो काढले. ते आज निवांतपणे पाहवत नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे न्यूयॉर्कला स्टुडिओ थाटला आणि गरीब वस्त्यांतली मुलं, ग्रेनिच व्हिलेजच्या गल्ल्या नि तिथले चित्रकार-कवी टिपले. वृत्तछायाचित्रकाराला सर्वांत जास्त लागते ती धडपड, असं ती म्हणे.

मला सर्वांत आवडतो तो तिच्या घरातला कारभार. डार्करूममध्ये प्लेट धुणारा, प्रिंट काढणारा तिचा नवरा आल्फ्रेड, आणि फोटोखाली नाव तिचं. इकडे मुंबईत, काही दशकांनंतरही, होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते नवरा माणेकशा यांच्या नावावर.

शेवट वाईट झाला. 1917 मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली. पुढे मंदीने धंदा बसला. 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात ती निष्कांचन अवस्थेत वारली. बरंच काम हरवलं. उरलेलं अलेक्झांडर अॅलंड या छायाचित्रकाराने हुडकून जमवलं, आणि तोही बाहेरून अमेरिकेत आलेलाच. नाव छापून आलं होतं, म्हणून निदान कुणाला हुडकायचं हे तरी ठाऊक होतं.

आमचं तसं नाही. 2005 च्या पुरात आमच्या कराडला प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, पाणी चढलं, तेव्हा छातीभर पाण्यात उभं राहून मी एक रोल संपवला. एका दैनिकाने त्यातला एक फोटो पहिल्या पानावर छापला, खाली ‘छाया : प्रतिनिधी’. पुढच्या वर्षी तोच फोटो पुन्हा आला, तेव्हा मी ‘संग्रहित’ झालो होतो. मानधनाचं तर विचारूच नका.

म्हणून विनंती एवढीच. पुरवणीतल्या त्या तीन फोटोंखालची नावं पुढच्या रविवारी चौकटीत छापा. त्यातला मधला, घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेल्या गोधडीचा फोटो कुणी काढला, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्याने किंवा तिने ढगाची नेमकी वाट पाहिली आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक, कराड