केळीचा खांब आणि सुपरकपॅसिटर

जळगाव

प्रिय सुभाष,

"काय भो, केळीच्या खांबावर विहिरीची मोटार कधी चालवतोस?" हा तुझा सवाल वाचून खूप हसलो. ती नाही चालायची. खांबाच्या कोळशापासून मी करतोय तो सुपरकपॅसिटर वीज साठवतो खरा, पण बॅटरीसारखा नाही. लिथियम बॅटरीत किलोमागे १५०-२०० वॉट-तास मावतात, सुपरकपॅसिटरमध्ये जेमतेम ५ ते १०. पण तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरून रिकामा केला तरी दमत नाही. साक्रीकडे पवनचक्क्या दिसतात ना, तसल्या काही पवनचक्क्यांत वीज गेल्यावर पाती वळवायला हाच लागतो. झटक्याच्या कामाचा गडी आहे तो, दिवसभर राबणारा नाही.

यात आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, कार्बनला नुसते चिकटतात नि सुटतात, म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा. घड उतरल्यावर तुम्ही जो खांब बांधावर टाकता, तो वाळवून हवेविना भाजायचा, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर ७००-८०० अंशांवर तापवायचा. कोळशाला नॅनोमीटरची छिद्रं पडतात. जमलं तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या पुढे जातो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे! तुझ्या काकांना सांग, वाटणीचं भांडण मिटेल.

तेवढ्यानंही भागत नाही, म्हणून त्यावर मँगनीज डायऑक्साइड चढवतो. परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात कार्बन घातला की थर आपोआप धरतो. या ऑक्साइडची कागदावरची क्षमता ग्रॅममागे सुमारे १३७० फॅरड (फॅरड म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप), पण वीज त्यातून नीट वाहत नाही. थर जाड झाला की आतला माल फुकट. म्हणून थर काही नॅनोमीटरचाच हवा, नि खाली वीज वाहून नेणारा कार्बनचा सांगाडा. रुथेनियम ऑक्साइड याहून सरस, पण त्याच्या भावाला हात लावायची सोय नाही.

खरी मेख पुढेच आहे. इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज आत-बाहेर नेणाऱ्या पट्टीवर, मिलिग्रॅमभर माल पसरून मोजलं की ग्रॅममागचा आकडा झकास येतो. विकण्याजोगा कपॅसिटर करायचा तर चौरस सेंटीमीटरला दहा मिलिग्रॅम तरी चढवावे लागतात, आणि तिथे तोच आकडा धाडकन खाली येतो. बरेच शोधनिबंध हे सोयीनं गाळतात. मला जाड थराचाच आकडा हवाय, कमी आला तरी चालेल.

तेव्हा कांदेबाग केळीची कापणी झाली की थोडे खांब राखून ठेव, बुडखा आणि शेंडा वेगळा बांधून. पोटॅश किती दिलं तेही चिठ्ठीवर लिही, राखेत फरक पडतो. रविवारी गाडी घेऊन येतो. वहिनींना म्हणावं, भरीत-भाकरीचा बेत ठेवा.

तुझा,
विजय