मित्रास पत्र: कमी चाललेली गाडी

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू फोटो पाठवलेली, आत घर केलेली ती जुनी ट्रॅव्हलर व्हॅन काल पाहून आलो. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हणून बसलोय. पूर्ण वाचून होईपर्यंत मालकांना टोकन देऊ नकोस, एवढी विनंती.

गाडी देखणी आहे, यात वाद नाही. आत पलंग, छोटा ओटा, सनमायका मारलेली कपाटं, पिवळे दिवे. वहिनींचं मन तिच्यावर का बसलं ते आत पाऊल टाकताच कळलं. गाडी २०१४ ची आणि मीटरवर फक्त २८,४०० किलोमीटर. मालक तेच परत परत सांगत होते, "चाललीच नाही हो गाडी." मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

माझी पहिली गाडी आठवते ना? तीही मी कमी किलोमीटर पाहूनच घेतली होती. मुंबईहून परत येताना कसारा घाटाच्या चढावर रात्री साडेनऊला बंद पडली. पावसात हिला आणि लेकीला कठड्याशी उभं करून मी ट्रकवाल्यांना हात करत होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि तुझ्यावर तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टाकी उतरवली, तर तळाला काळा, चिकट गाळ. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षं उभी राहिली की गार रात्री आतल्या हवेतला ओलावा थेंब होऊन पत्र्याला धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भिडतात तिथं जिवाणू आणि बुरशी वाढते. तो गाळ फिल्टर तुंबवतो. सपाटीवर काही जाणवत नाही, चढावर इंजिन जास्त डिझेल मागायला लागलं की कळतं. त्या गाडीचा डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल्स, दोन्ही गेले.

म्हणून काल सातपूरचे माझे मिस्त्री बरोबर नेले. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. म्हणजे आमच्या आधीच कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. डिझेल गाडीची खरी परीक्षा थंड इंजिनावरच होते रे. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या सेल्फला किती वेळ घेते, धूर कोणत्या रंगाचा सोडते, तो किती वेळ टिकतो, यात सगळं येतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅसकेटची शंका घ्यावी. काल हे काहीच कळायला मार्ग नव्हता. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या इंजिनातून तिथे उलटी येणारी हवा-धूर, फारसं नव्हतं. तेवढी एक गोष्ट तिच्या बाजूने लिहितो.

मग टायर पाहिले. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. रबराचं वय झिजेवर कळत नाही, तारखेवर कळतं. बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडल्यात. भरल्या गाडीत असा टायर समृद्धी महामार्गावर फुटला तर काय होईल, या विचारानेच पोटात गोळा येतो. सहा टायर बदलायचे म्हणजे केवढा खर्च, तो तूच धर.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते छत. ही गाडी इगतपुरीच्या एका फार्महाउसवर उभी असायची. तिथला पाऊस तुला माहीत आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एसी बसवायला छत कापलंय आणि त्या कडेचं सीलंट वाळून उकललंय. पलंगाच्या डोक्याशी मी अंगठ्याने दाबलं तर सनमायकामागचं प्लायवूड आत गेलं. खाली गालिचा उचलून पाहिला तर फरशीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. फोटोत यातलं काही दिसत नाही. लाकूडकाम कधीही नव्याने करता येतं, आपल्या पंचवटीतले सुतार महिन्याभरात करून देतील. पण खालून गंजलेली बॉडी आणि चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कोण नवा करून देणार?

कागदांचं तर आणखी अवघड आहे. आरसीवर अजून प्रवासी गाडी म्हणूनच नोंद आहे, सीटची संख्यासुद्धा जुनीच. सीटं काढून घर केलं, पण आरटीओत काहीच दाखवलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल कडक भूमिका घेतली. नाक्यावरचा दंड तरी भरता येईल. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने 'ही ती गाडीच नाही' म्हणून हात वर केले तर? खासगी वापराची कॅम्पर व्हॅन अशी स्वतंत्र नोंद आपल्याकडे होते, मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. त्यामुळे 'नंतर करून घेऊ' यावर विसंबू नकोस. आधी आरसी बघ, मग पलंग.

तू हिमाचलला न्यायचं म्हणतोस आणि वाटेत दिल्ली लागते, म्हणून आणखी एक. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून हरित लवाद आणि न्यायालयांचे आदेश येत आहेत. २०१४ ची गाडी घेताना ताजी स्थिती पाहायलाच हवी. लायसन्सची मात्र काळजी करू नकोस, साडेसात हजार किलोपर्यंतच्या खासगी गाडीला तुझं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स, चालतं.

एसीविषयी वहिनींना तूच समजावून सांग. मालक म्हणाले, बॅटरीवर रात्रभर चालतो. हिशोब कर. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात ९००. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास खातो. तासभरही निघत नाही. १२ व्होल्टचा पंखा पंचवीस वॉटमध्ये रात्र काढतो, आणि डिसेंबरात निफाडच्या बाजूला मुक्काम केलास तर तोही नको, तिथे रजईच लागते. दोनशे लिटर पाण्याची टाकीही तुझ्या डोक्यात आहे. ते दोनशे किलो झाले, वर पलंग, गॅस, बॅटऱ्या, आपण चौघं. सामान भरून हायवेच्या काट्यावर वजन करून बघितल्याशिवाय मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर किती ओझं पडतंय ते कळत नाही.

तर ही गाडी घेऊ नकोस. किंमत उतरवली तरी नको.

तुझं मन खट्टू होणार, जाणून आहे. निवृत्तीच्या पैशातून घेतोयस, आणि नांदूरमध्यमेश्वरला पहाटे पक्ष्यांच्या आवाजाने गाडीतच जाग यावी असं तू कॉलेजपासून म्हणत आलायस. ते व्हायलाच हवं. म्हणूनच ओझरच्या बाजूला दुसरी एक बघून ठेवली आहे. २०१८ ची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची, १,६२,००० किलोमीटर झालेली. आधी वणीला सप्तशृंगीच्या यात्रा करायची, आता मालकांनी घरच्यांसाठी कॅम्पर केली आहे आणि आरसीवर तशी नोंद झाली आहे, मी स्वतः वाचली. आतून साधी, पडदे जुने, ओट्याला ओरखडे. पण दर दहा हजाराला ऑइल बदलल्याच्या पावत्या एका पिशवीत आहेत, आणि गाडी दर आठवड्याला रस्त्यावर असते. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगडही तिला नाही. बीएस-६ ला तो असतो, आणि गावातल्या गावात फिरवली की तुंबतो. तुझं लांबचं फिरणं वर्षातून चार-पाच वेळाच, त्यामुळे तुला हीच बरी.

शुक्रवारी रात्रीच ये, वहिनींनाही घेऊन ये. शनिवारी पहाटे सहाला ओझरला पोचू, मिस्त्री येतो म्हणालेत. नंतर कसारा उतरून परत चढवू, म्हणजे उतारावर ब्रेक आणि चढावर दम, दोन्ही कळेल. मालकांना सांगून ठेवलंय, आम्ही यायच्या आधी सेल्फ मारू नका.

तुझाच,
नाशिककर