तुझा पंखा काढला

देवबाग,
नवरात्र

प्रिय बंड्या,

गणपतीला तू आला नाहीस म्हणून मी रुसलोय, असं वहिनी आमच्या हिला म्हणाली म्हणे. रुसायला मी काय सून आहे? फोन मुद्दामच केला नाही. जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू आरडाओरडा केला असतास. तर ऐक. तुझा स्टीलचा पंखा, म्हणजे मशीनचा प्रोपेलर, मी होडीवरून उतरवला. सध्या बारा पिचचा (एका फेऱ्यात बारा इंच पुढे नेणारा) अॅल्युमिनियमचा आहे, तोही उसना, तांडेलाचा.

शिव्या घालून झाल्या की पुढे वाच.

घरी सगळे ठीक. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा होता तिथंच आहे.

झालं असं की गौरी गेल्यावर ताई-भावोजी आणि पोरांना घेऊन भोगव्याला गेलो. मोठी चार, पोरं तीन, त्यात ताईचा डब्यांचा संसार आणि भावोजींचा बर्फाचा खोका. येताना ओहोटी लागलेली. संगमावर यंदा वाळूचा दांडा पार दक्षिणेला सरकलाय, वाट अरुंद झाली आहे. तिथं लाटांच्या मधली जागा बघून झटकन आत शिरायचं असतं, हे तुला मी काय सांगणार. थ्रॉटल पूर्ण उघडला आणि होडीनं नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे केली ती केलीच. मागून पाणी घुसळतंय, आवाज खच्चून, मशीनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला चार हजार शंभरावर आणि होडी पाण्यावर उठायचं नाव नाही. मागची लाट ट्रान्समपाशी, मशीन टांगलेल्या मागच्या फळीपाशी, येऊन फुटली, भावोजींच्या मांडीवर अर्धी बादली पाणी. ताईला वाटलं मी मजा करतोय, पोरं ‘पुन्हा पुन्हा’ म्हणून ओरडत होती. मी हसलो. घशाला मात्र कोरड पडली होती. ती कोरड तुलाच कळेल, तो दांडा आपण दोघांनी एकदा रात्री ओलांडलाय. त्यावर इथं कोणाशी बोलायचं नाही हे ठरलंय, म्हणून तेवढंच.

किनाऱ्यावर तांडेल बसलेलाच होता. म्हणाला, “ह्यो पंखो घालून मशीन कित्याक मारतस?”

आता तू म्हणशील, अकरा गुणिले पंधराचा पंखा आहे (अकरा इंच व्यास, पंधरा पिच), एका फेऱ्यात पंधरा इंच पुढे नेतो, बारावाला बाराच नेणार, मग वेग कुठून येणार? हा हिशेब तू मला मस्कतहून तो पंखा बॅगेत घालून आणलास तेव्हापासून ऐकवतोयस. (कस्टमवाल्यानं तो हातात घेऊन उलटसुलट केला तेव्हा तुझं तोंड काय झालं होतं!) हिशेब चूक नाही, पण तो पाण्याला माहीत नाही. करूळचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला गेलं तर गाडी गुरगुरते आणि सरकत नाही, तसलाच प्रकार. आपल्या चाळीस हॉर्सपॉवरच्या मशीनचं पुस्तक काढ. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर काटा साडेचार ते साडेपाच हजारांत बसला पाहिजे. त्याखाली राहिला तर मशीन ओझ्याखाली गुदमरतं, कार्बन धरतं, पिस्टन तापतो. वर गेला तरी तब्येतीला वाईटच. पंख्याचा एक इंच पिच कमी केला की काटा साधारण दीडशे-दोनशेनं वर जातो.

म्हणून मी खाडीत आतल्या सरळ पट्ट्यात मोजून बघितलं. जातानाही आणि येतानाही, म्हणजे पाण्याच्या ओढीचा फरक निघून जातो. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. तुझा पंधरावाला, मी आणि तांडेल दोघंच: चार हजार नऊशे, पंचवीस नॉट. सुंदर! तुझ्या पंख्याला मी कधी वाईट म्हटलेलं नाही. तोच पंखा, पण सात माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून: चार हजार शंभर, तेरा नॉट. गिअर दोनास एक (मशीनच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक) धरून कागदावर पंचवीस यायला हवे होते. म्हणजे निम्मं काम नुसतं पाणी घुसळण्यात गेलं. आता तांडेलाचा बारावाला, तीच पोती: चार हजार सातशे आणि साडेअठरा नॉट! कमी पिच आणि जास्त वेग. पोती उतरवताना तांडेल काहीच बोलला नाही, फक्त बिडी पेटवली. तुला राग येईल अशीच पेटवली.

आणि हे काही देवबागातच घडत नाही. फ्रान्सिस पेटिट स्मिथ म्हणून इंग्रज होता, बोटीला स्क्रू लावणाऱ्या पहिल्यांतला. 1837 साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून गेला. बोट थांबायच्या ऐवजी जोरात पळाली. तू तिथं असतास तर तुटलेला तुकडा शोधायला पाण्यात उडी मारली असतीस.

पंखा उतरवताना आणखी एक दिसलं. पिन काढली, पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवला, पंखा ओढला, तर मागे शाफ्टला नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली, केसासारखी बारीक. आणखी महिनाभर राहिली असती तर सील कापून गिअरमध्ये पाणी गेलं असतं. तेल काढून बघितलं. पांढरट नाही, स्वच्छ आहे. शिवाय तुझ्या पंख्याच्या रबरी बुशवर (पंख्याला शाफ्टशी धरून ठेवतं ते) मी मागे रंगाची एक रेघ मारून ठेवली होती, बुशवरून सरळ पंख्याच्या अंगापर्यंत. ती तुटलेली नाही, म्हणजे बुश आत फिरलेलं नाही, आणि दोष त्या दांडगट पंख्याचाच आहे. स्टीलचं आणखी एक. वाळूला लागला की तो वाकत नाही, दणका सगळा आत पाठवतो. अॅल्युमिनियमचं पातं स्वतः वाकतं. पातं बदललेलं परवडतं, गिअर नाही.

वळणावर पंख्याची पाण्यातली पकड सुटून मशीन किंचाळायचं त्याचं भांडण आठवतं ना? तू पंख्यावर ढकलायचास, मी उंचीवर. मशीन एक भोक खाली घेतलं. पंख्यावरची आडवी पट्टी आता बुडाच्या रेषेत आहे. वरून हवा ओढणं बंद झालं. एवढंच लिहितो, जास्त चिडवत नाही.

आता खरी पंचाईत. तांडेलाला त्याचा पंखा दिवाळीआधी परत द्यायचाय, नवा घ्यायचा तर बारा की तेरा? भरलेल्या होडीत तेरावाला साडेचारपर्यंत पोचेल, म्हणजे जेमतेम उंबऱ्यावर. दोघंच असलो तर सव्वापाच, झकास. बारावाला भरलेल्या होडीत मस्त, पण मी एकटा गेलो तर काटा साडेपाचला टेकतो. रात्री अंथरुणावर हाच पाढा. चार पात्यांचा घ्यावा असंही एकानं सुचवलं, पकड चांगली म्हणे, पण किंमत ऐकून मी विषय बदलला. माझा कल बाराकडे आहे. एकटा असताना थ्रॉटल मागे घेणं माझ्या हातात आहे. भरलेली होडी, पोरं पुढे बसलेली आणि मागून लाट, तेव्हा पुढे ढकलायला हातात काही उरलेलं नसतं. पण मग डॉल्फिन बघायला जाताना तू शेजारी बसून ‘बैलगाडी’ म्हणणार, ते सगळा हिवाळा ऐकावं लागणार.

तुझ्या स्टीलवाल्याला गोव्यातल्या बेतीमचा एकजण गिऱ्हाईक आहे. त्याचं साठचं मशीन, हलकी होडी, शाफ्टचे दात जुळतात. त्याला तो शोभेल. पण तू हो म्हटल्याशिवाय विकणार नाही. सध्या तेल लावून पोत्यात ठेवलाय, आईच्या भाताच्या कणगीमागे.

छकुलीच्या अॅडमिशनचं झालं का? वहिनीची पाठ? तुझी ती नवी नोकरी टिकव रे बाबा, दर वर्षी नवीन साहेबाचं नाव लक्षात ठेवायला मला जमत नाही. आणि तुमच्या मस्कतला मत्र्याच्या बाजूला आउटबोर्डची दुकानं आहेत म्हणाला होतास, तिथं जाऊन अॅल्युमिनियमच्या बाराचा आणि तेराचा भाव विचार. बुश नवं असलेला बघ. तुझ्या मताप्रमाणे तेराच घ्यायचा असेल तर पैसे तुझे. बाराचे मी देतो.

उत्तर लवकर दे, तांडेल रोज येऊन पंख्याकडे बघून जातो.

तुझा,
दाद्या