पीएस ४ वर नवीन फुटबॉल गेम घ्यावा का?

नागपूर

प्रिय बंड्या,

तुझा प्रश्न दोन ओळींचा, पण उत्तर दोन ओळींत मावत नाही. पुतण्या नवीन फुटबॉल गेम मागून राहिला, घरी जुना पीएस ४, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ४ हे गेम खेळायचं मशीन आहे, तर घेऊ का? माझं म्हणणं आहे की घे, पण नवीन नको, जुना फिफा २२ घे.

पीएस ४ आणि त्यापुढचं मशीन पीएस ५, दोन्हीच्या खोक्यावर नाव तेच आणि चित्रही तेच असतं, पण आतला खेळ वेगळा असतो. ईए कंपनीच्या फिफा मालिकेतला फिफा २२ आला तेव्हा हायपरमोशन या नव्या तंत्राचा केवढा गाजावाजा झाला! सेन्सरचे सूट घातलेले बावीस खेळाडू खरोखरची मॅच खेळले आणि त्यांच्या हालचाली टिपून गेममध्ये घातल्या. ते सगळं पीएस ५ वर. पीएस ४ वर त्यातलं काहीच आलं नाही. २०२३ मध्ये फिफाचं नाव जाऊन ईए स्पोर्ट्स एफसी २४ आला, कव्हरवर फुटबॉलपटू हालांड. त्यातलं हायपरमोशन-व्ही तर १८० हून जास्त खऱ्या मॅचेसवरून बनवलेलं, पण तेही आपल्या मशीनसाठी नव्हतंच. पीएस ३ च्या वेळी कंपनीने निदान फिफा १८ आणि १९ वर 'लेगसी एडिशन' असं छापलं होतं. म्हणजे जर्सी आणि टीम नव्या, खेळ जुना, हे घेणाऱ्याला आधीच कळायचं. पीएस ४ च्या खोक्यावर असं काही ठळक लिहिलेलं नसतं, याचा मला मनापासून राग येतो. बापाच्या खिशातून पूर्ण किंमत जाते ना बे!

मी फिफा २२ आणि एफसी २४ दोन्ही पीएस ४ वर भरपूर खेळलोय. एफसी २४ मध्ये प्लेस्टाइल्स आहेत, म्हणजे ज्याची जी खासियत ती मैदानात जरा जास्त दिसते. ते मला आवडलं. पण धावणारा विंगर एकदम वळतो तेव्हा बघ. पाय गवतावर किंचित सरकतो, अंग आधी वळतं आणि बॉल मागून येतो. दोन्ही गेममध्ये हे अगदी तसंच आहे. फिफा २२ मध्ये गोलकीपर नव्याने बसवला होता, तो फरक मात्र पीएस ४ वरही जाणवतो. लांबचा शॉट बोटांनी बाहेर ढकलताना त्याचा हात बॉलच्या मागे जातो, नुसतं हवेत झेपावणं नाही. मला तर त्याच्यासाठीच तो गेम आवडतो.

आणखी एक, फिफा २२ मध्येच आपली इंडियन सुपर लीग पहिल्यांदा आली. पुतण्याला बेंगळुरूकडून छेत्री खेळवता येईल, मुंबई सिटी घेता येईल. आपण लहानपणी कामठीला मॅच बघायला जायचो, तेव्हा टीव्हीवरच्या गेममध्ये भारतातली टीम दिसेल असं वाटलं तरी होतं का?

ऑनलाइनचं म्हणशील तर पीएस ४ वाल्यांची गाठ पीएस ५ वाल्यांशी पडत नाही. एफसी २४ मध्ये क्रॉस-प्ले आहे, म्हणजे वेगळ्या कंपनीच्या मशीनवाल्यांशीही खेळता येतं, पण पीएस ४ चा जोडीदार मायक्रोसॉफ्टचं जुनं मशीन एक्सबॉक्स वन. जुन्या गेमचे सर्व्हर पुढेमागे बंद होतातच, म्हणून अल्टिमेट टीममध्ये, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून टीम बनवायच्या ऑनलाइन प्रकारात, एक रुपयाही घालू देऊ नको. घरी दोन कंट्रोलर घेऊन शेजारी बसून खेळायला आणि करिअर मोडला, म्हणजे एकट्याने टीम चालवायच्या प्रकाराला, सर्व्हर लागत नाही, आणि तुमच्या घरी तेच होणार.

आता घ्यायचा कसा ते सांगतो. नाव बदललं तेव्हा जुने फिफा डिजिटल स्टोअरमधून काढून टाकले, म्हणून डिस्कच शोधावी लागते. इथल्या सीताबर्डीच्या बाजारात, बर्डीवर, सेकंडहँड मिळते. डिस्क उजेडात तिरपी धरून बघायची. वरवरचे ओरखडे चालतात, गोल फिरलेला खोल चरा असला तर परत ठेवायची. अन् एक, तुझा पीएस ४ आधी मागून साफ करून घे. मे महिन्यात इथे आमच्या मशीनचा पंखा कूलरपेक्षा मोठ्याने ओरडतो. धूळ काढली की खूपच फरक पडतो.

पुतण्या अगदीच हट्टाला पेटला आणि नवीनच हवा म्हणाला, तर ते पैसे पीएस ५ साठी बाजूला ठेवा. नवीन गेमचा नवेपणा त्याच मशीनवर दिसतो.

मी शनिवारी बर्डीला जाणारच आहे. फिफा २२ चांगला मिळाला तर घेऊन ठेवू का, तेवढं शुक्रवारपर्यंत फोन करून सांग. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मन्या