बॅटरी उलटी नाही, बाबा

काउली, ऑक्सफर्ड
८ जून

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "काहून वं, बॅटरी उलटी लावून राहिली का तू?" मी समजावायला लागले, तर तुमच्या मागे कूलर एवढा घरघरत होता की माझं अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलं. मला तुमचं ऐकू आलं ते फक्त "जळून जाईन सारं". म्हणून हे पत्र. सकाळी पेपर झाल्यावर वाचा. दुपारी कूलरपुढे वाचायला घेतलंत तर दुसऱ्या पानाआधीच तुमचा डोळा लागेल.

बॅटरी उलटी नाही. आम्ही नव्यानं उभी करतोय त्या जुन्या मॉरिस मायनर गाडीत प्लसच बॉडीला जोडलेला असतो, कारखान्यातूनच. दादाच्या गाडीत मायनस बॉडीला असतो आणि प्लस तारांतून घरोघर फिरतो. इथं मायनस फिरतो आणि प्लस पत्र्यात बसून राहतो. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्या अशाच होत्या. बल्बला, हॉर्नला त्याचं काही सोयरसुतक नसतं. त्रास होतो तो आजकालच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना. तुमच्या नातवाला डॅशबोर्डवर मोबाइल चार्जर हवा होता. त्या सॉकेटचं बाहेरचं कडं मायनस असतं, ते पत्र्याला टेकलं की थेट शॉर्ट. त्याला नाही म्हटलं, तेव्हापासून तो गाडीवर रुसलाय. एक सवय मात्र मला मोडावी लागली. बॅटरी काढताना आधी बॉडीकडचं टर्मिनल सोडवायचं, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी नाही. इथं ते टर्मिनल प्लसचं. हात आपोआप मायनसकडे जातो, म्हणून मी बॅटरीच्या वर खडूनं "आधी लाल" असं लिहून ठेवलंय.

आणि तुमचा दुसरा प्रश्न, "अर्थिंग कुठं गाडलं?" कुठंच नाही हो. गाडी चार रबरी चाकांवर उभी. अर्थ हे नुसतं नाव, खरं म्हणजे पत्रा हाच परतीचा रस्ता. पण तुम्ही हसत विचारलंत तेव्हा मला एकदम आपलं मागचं अंगण आठवलं. एप्रिल लागला की गल्लीतली माणसं तुम्हाला शोधत यायची, कूलरला करंट येऊन राहिला म्हणून. तुम्ही खड्डा खणायचे, पट्टी उभी करायचे, आणि मी मिठाचं टोपलं घेऊन बाजूला. कोळशाचा थर, मिठाचा थर, वरून पाणी. लोक म्हणायचे, कूलर खराब आहे, मोटर बदला. तुम्ही म्हणायचे, मोटरीला काही झालं नाही, करंटला परत जायला वाट नाही. तेव्हा मला वाटायचं, बाबा सगळ्यांना एकच औषध देतात. या चार महिन्यांत माझ्या हातून जे जे बिघडलं, त्यातलं निम्मं त्याच एका औषधानं बरं झालं.

आधी गाडीबद्दल. मॉरिस मायनर, १९६० सालची. मॉरिसचा कारखाना इथंच काउलीत होता, आमच्या घरापासून चालत जाण्याइतका. आज काउलीतच मिनी बनते. तुमच्या साहेबांची पांढरी अँबॅसडर आठवते ना? ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली, म्हणजे तिचं माहेर हेच. तिकडे बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत निघत राहिली, इथल्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. आमची मायनर म्हणजे त्या घरातली धाकटी. १९४८ ला आली. ती आखणारे अ‍ॅलेक इसिगोनिस यांना शेवटच्या घडीला ती अरुंद वाटली, म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध कापली, दोन भाग सरकवून पाहिले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधोमध अजून ती सपाट पट्टी दिसते. आईनं माझ्या शाळेच्या फ्रॉकला दरवर्षी मधे पट्टी लावून तो वाढवला, अगदी तसंच.

पत्र्याचं आणि रंगाचं काम तुमच्या जावयांनी केलं. वायरिंग मी मागून घेतलं. मूळच्या तारांवर रबर आणि त्यावर सुती विणीचं वेष्टण होतं. साठ वर्षांत रबर बिस्किटासारखं झालेलं. तार वाकवली की तुकडे पडायचे आणि आतलं तांबं उघडं. त्याहून वाईट म्हणजे मधल्या कुणा मालकानं केलेली दुरुस्ती. सगळीकडे एकाच लाल वायरचे तुकडे, पिळून टेप मारलेले. मागच्या दिव्याला लाल, हॉर्नला लाल, वायपरला लाल. आणि एका फ्यूजवर चक्क चांदीचा कागद गुंडाळलेला! तुम्ही घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांना जे म्हणायचे ते मी गॅरेजमध्ये मोठ्यानं म्हणाले. इंग्रज शेजारी बागेत होते, पण त्यांना काय कळणार.

नवा हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या तारांचा बांधलेला जुडगा, तयार मिळतो, जुन्या नमुन्याचा, सुती वेष्टणासकट. तो उलगडून आठवडाभर मी बैठकीत पसरून ठेवला होता, जेवायला लोक त्याच्यावरून उड्या मारत जायचे. त्याचे रंग तुम्हाला आवडतील. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून सरळ, मधे फ्यूज नाही. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, तिलाही फ्यूज नाही. तीच फ्यूजमधून बाहेर पडली की हिरवी. तपकिरी फ्यूजमधून गेली की जांभळी. छोटे दिवे लाल, मोठे निळे, अर्थ काळी. वर बारीक दुसऱ्या रंगाची रेघ असली की ती पुढे कुठल्या स्विचमधून गेली ते समजतं. हिरव्यावर जांभळी रेघ म्हणजे ब्रेकचा दिवा. एकदा हे डोक्यात बसलं की नकाशा फार बघावा लागत नाही.

पूर्ण गाडीला फ्यूज किती, सांगा? दोन. काचेच्या नळीचे. त्यांच्यावर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो वितळण्याचा आकडा. सतत वाहायचा भार सतराच्या आसपास. आजच्या फ्यूजवर लिहितात तो सतत वाहण्याचा आकडा, त्यामुळे दुकानातून आजचा पस्तिसाचा आणून बसवला की तार जळेल पण फ्यूज हलणार नाही. आणि मोठ्या दिव्यांना तर फ्यूजच नाही. रात्री फ्यूज उडून रस्त्यात एकदम अंधार नको, असा विचार असावा. मला तो पटत नाही. मी दोन्ही दिव्यांना वेगवेगळा फ्यूज घातलाय. एक गेला तर दुसरा राहील. जुनं ते जसंच्या तसं ठेवणाऱ्यांना हे खपत नाही. त्यांनी रात्री सुती तारांच्या भरवशावर गाडी चालवावी खुशाल.

आता खरी गंमत. सगळं जोडून झालं, किल्ली फिरवली, पेट्रोलचा पंप टकटक करून भरून गप्प झाला, मी खूश. मग तुमचे जावई मागे उभे राहिले आणि मी ब्रेक दाबला. मागचा उजवा दिवा मिणमिणला आणि इकडे मीटरचा दिवा उजळला! ब्रेक सोडला की मीटर विझतो. दोन रात्री मी नकाशा घेऊन बसले. स्विच बदलला, तारा पुन्हा मोजल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कूलर आठवला.

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ब्रेकची, एक छोट्या दिव्याची, आणि दोघींची परतीची वाट एकच. उजव्या दिव्याची ती वाटच बंद होती. मग करंट काय करणार? आपल्या गल्लीत सिमेंट रोडसाठी रस्ता खोदला होता तेव्हा लोक कसे आपल्या अंगणातून शिरून मागच्या बोळात निघायचे? तसा तो ब्रेकच्या तारेतून आला, परत जायला जागा नाही म्हणून शेजारच्या छोट्या तारेत शिरला, तिथून लाल वायरनं उलटा मीटरच्या दिव्यात, आणि तिथून पत्र्यात. आणि वाट का बंद, तर जावईबापूंनी दिला तो सुंदर हिरवा रंग. चार थर. दिव्याचा बोल्ट रंगावर बसलेला, पत्र्याला लागलेलाच नाही. मी कानशीनं तेवढ्या जागेचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन लावलं. झालं. रंग खरवडताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं.

मग मी एक एक करून सगळ्या दिव्यांचे बोल्ट काढले. त्या नादात खालची पट्टी परत बसवताना माझ्याच हातून स्क्रू मागे जाणाऱ्या तारांत घुसला. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते असं, की ब्रेक दाबला रे दाबला की फ्यूज जायचा. चार फ्यूज उडवल्यावर मी तुमचा सिरीज बोर्ड बनवला, म्हणजे करंटच्या वाटेत मधे एक बल्ब. इथं २४० व्होल्ट नको, म्हणून फ्यूजच्या जागी ब्रेकचाच २१ वॉटचा बल्ब दोन तारांनी लावला. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि दोन अँपिअरच्या आतच करंट राहतो, काही जळत नाही. नातवाला ब्रेकवर बसवलं. मी मागून एकेक जोड सोडत आणि तारा हलवत आले. पट्टीचा तो स्क्रू सैल केला आणि बल्ब विझला. "आई, गेला!" तो ओरडला. तुम्ही शंभरचा बल्ब लावून मिक्सर, इस्त्री तपासायचे तेव्हा मी अशीच ओरडायचे. चार्जरचा रुसवा तेवढ्यापुरता गेला.

आता एका गोष्टीत तुमचं मत हवंय. या गाडीला लुकलुकणारे इंडिकेटर नाहीत, ते पुढच्या वर्षी, १९६१ ला आले. हिला दोन्ही बाजूंना खांबात दडलेले हात आहेत. स्विच फिरवला की आतलं गुंडाळं दांडी ओढतं आणि छोटा केशरी हात खटकन बाहेर येतो, आत बल्ब पेटलेला. दोन्ही मी साफ करून चालू केलेत, डावा कधी कधी अर्ध्यावर अडकतो. इतकी लोभस वस्तू काढून टाकायला जीव होत नाही. पण मागचा ट्रकवाला त्या उंचीवर बघतच नाही. परवा एकानं थेट माझ्या बाजूनं पुढे काढली. लुकलुकणारे जोडायचे तर मागे-पुढे चार नवे दिवे आणि रंगाला आणखी भोकं, आणि ते घरात विचारावं लागेल. हात ठेवून वर इंडिकेटर लावू, की नुसते हातच ठेवून मी खिडकीतून स्वतःचा हात काढत जाऊ? फोनवर नको, लिहून कळवा. आकृती काढलीत तर फारच बरं.

दादाला सांगा, पाऊस लागायच्या आत कूलरचं अर्थिंग बघून घे, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओत. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. मी आईला विचारणार आहे.

तुमची,
मोठी