मुलाखतीला हो म्हणण्याआधी

शार्लट, 23 मार्च

प्रिय वर्षा,

रविवारी तुझा फोन आला, बालगृहातल्या त्या पोराची मुलाखत पत्रकाराला घेऊ द्यावी का विचारायला, तेव्हा इकडे कुकर, तिकडे तुझ्या पोरांचा गलका. मी "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि तेव्हापासून रुखरुख लागली आहे. असं गुळमुळीत उत्तर मी तुला कधी दिलं नव्हतं. म्हणून आज बसून लिहिते. लांबेल, चहा घेऊनच वाच.

तुझ्या बालगृहातलं ते सोळा वर्षांचं पोर माझ्या डोक्यातून जात नाहीये. मुलींच्या खोलीत राहायला नको म्हणतं, आणि तुला पहिल्यांदा कळलं ते त्याच्या जेवणावरून! ताट घासताना सहज म्हणालं, "मी जेवलो, ताई." तू हसून सांगितलंस, मला मात्र काटा आला. इंग्रजीत असं पोर वर्षानुवर्षं लपू शकतं गं. 'मी' म्हटल्यावर पुढचं क्रियापद तिथे चुगली करत नाही. आपल्या मराठीत मात्र जेवलं, झोपलं, आलं, गेलं की प्रत्येक वाक्यात तुम्ही कोण ते सांगावंच लागतं. म्हणजे त्या पोराने एका 'लो'साठी किती दिवस धीर गोळा केला असेल!

आणि आता तो पत्रकार. तू म्हणालीस, चार लोकांना कळेल, देणग्या येतील, पोरालाही उभारी येईल, जिल्ह्यातला पहिला असा मुलगा म्हणून. तुझा हेतू मला ठाऊक आहे. पण 'पहिला' हा शब्द ऐकला आणि मला इथला एक मुलगा आठवला. आज त्याचा स्मृतिदिन. तारीख तीच, 23 मार्च.

त्याचं नाव ब्लेक ब्रॉकिंग्टन. मी त्याला कधी भेटले नाही, आधीच सांगते. एकाच शहरात, अमेरिकेतल्या या शार्लटमध्ये, राहत होतो एवढंच. जन्म 1996चा, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा. बारा वर्षांचा असताना वडिलांकडे शार्लटला आला. कृष्णवर्णीय घर. जन्माच्या कागदावर मुलगी. दहावीत असताना त्याने घरी सांगितलं की मी मुलगा आहे. घरच्यांना ते झेपलं नाही. आधीच काळा आहेस, वर आणखी लोकांचं लक्ष कशाला ओढवून घेतोस, असं त्यांना वाटतं, हे त्यानेच पुढे इथल्या वृत्तपत्राला सांगितलं होतं. या वाक्याचा मला राग येत नाही. त्यात भीती आहे, आणि या देशात ती भीती उगीच नाही. पण व्हायचं ते झालं. पोरगा घराबाहेर पडला आणि फॉस्टर कुटुंबात राहायला गेला.

फॉस्टर केअर म्हणजे कागदावर आपल्या बाल संगोपन योजनेच्या जवळ जाणारं काहीतरी. इथे तुमच्यासारखी मोठी बालगृहं कमी, परवाना असलेल्या घरांत मुलं ठेवतात. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, त्या घराला महिन्याला पैसे देते, समाजसेविका येऊन बघून जाते, न्यायाधीश ठरावीक दिवसांनी फाइल उघडतात. देशभरात तेव्हा अशी चार लाखांवर मुलं होती. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात कित्येक मुलं या घरातून त्या घरात फिरत राहतात, आणि सामान न्यायला बॅगही नसते. कपडे, वह्या, सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून गाडीत टाकतात. इतकी सर्रास गोष्ट आहे ही की इथे लोक फॉस्टरच्या मुलांसाठी मुद्दाम बॅगा गोळा करतात.

त्यात मूल ट्रान्स, म्हणजे जन्माच्या कागदावर एक लिंग आणि स्वतः दुसरं, असलं की अडचणींना शेपटं फुटतात. खोली कुठल्या बाजूची? फाइलवर नाव कुठलं? डॉक्टरकडे नेलं तर सही कोणाची, आईबापांची, काउंटीची की कोर्टाची? त्या बिचाऱ्या फॉस्टर आईने चर्चमध्ये काय सांगायचं? 2014मध्ये लॉस एंजेलिसच्या फॉस्टर मुलांचा एक अभ्यास झाला होता. बारा ते एकवीस वयाच्या मुलांत साधारण 19 टक्के मुलं समलैंगिक, ट्रान्स वगैरे निघाली. पाचात एक! बाहेरच्या जगापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त, कारण उघड आहे, घरातून यांनाच आधी बाहेर काढतात.

आता मुकुटाची गोष्ट. इथल्या हायस्कुलांत 'होमकमिंग' नावाचा सोहळा असतो. आपलं गॅदरिंग, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि सामना, सगळं एकत्र कालव. त्यात एक राजा आणि एक राणी निवडतात, मुकुट घालतात. ब्लेकच्या ईस्ट मेक्लेनबर्ग हायस्कूलमध्ये नियम असा की जो जास्त पैसे जमवेल तो राजा. पैसे सत्कार्याला जायचे, त्या वर्षी दक्षिण सुदानमधल्या शाळांसाठी. सगळ्या उमेदवारांनी मिळून 3,200 डॉलरच्या आसपास जमवले, त्यातले 2,300च्या वर एकट्या ब्लेकने. फेब्रुवारी 2014मध्ये तो राजा झाला. नॉर्थ कॅरोलायनात उघडपणे ट्रान्स असलेला पहिला होमकमिंग किंग. वय सतरा.

मला तो टीव्हीवरचा फोटो आठवतो. मी भांडी पुसत होते. आणि, तुला खोटं कशाला सांगू, मी ह्यांना म्हणाले, "आता हे काय नवीन!" एवढंच. टीव्ही बंद केला आणि डबे भरायला लागले. स्वतःचं घर नसलेल्या मुलाने दुसऱ्या खंडातल्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवले, ही बातमी होती. मला फक्त मुकुट दिसला.

बाकीच्या जगाचंही तेच. फोटो फिरला आणि इंटरनेटवर अनोळखी माणसांनी त्या पोरावर जे ओकायचं ते ओकलं. वर्षभराने तो म्हणाला होता की त्याच्या सगळ्या प्रवासात सर्वांत अवघड काही असेल तर ते हेच होतं. हे नीट वाच, वर्षा. घर सुटणं नाही, दवाखाने नाहीत. मुकुट. आपण बाहेरून ज्याला विजय म्हणतो तो.

तरी पोरगा थांबला नाही. शाळा संपवून यूएनसी शार्लट या इथल्या विद्यापीठात गेला, संगीत शिकवायचं शिक्षण घ्यायला. बँड शिकवायचा होता त्याला. आपल्याहून लहान ट्रान्स मुलांना तो धरून ठेवायचा, त्यांच्या बाजूने बोलायचा. पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध इथल्या भर चौकात सभा झाली, तिथेही पुढे हाच. 2013मध्ये इथे जोनाथन फेरेल नावाचा तरुण, गाडीला अपघात झाल्यावर मदत मागायला गेला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्यामुळे शहर आधीच धुमसत होतं. म्हणजे बघ, काळ्यांसाठी बोलायला हा, ट्रान्स मुलांसाठी बोलायला हा, फॉस्टरमधून आलेलं पोर म्हणून दाखवायला हा. प्रत्येक संस्थेला, प्रत्येक वार्ताहराला तो हवा होता. आम्हीही माणसंच आहोत, आमच्याकडे हीन नजरेने बघू नका, आधार द्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. अठरा वर्षांच्या मुलाला हे किती वेळा सांगावं लागावं?

2 मार्च 2015ला शार्लटच्या नगर परिषदेत समलैंगिक आणि ट्रान्स लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारा ठराव आला. रात्री उशिरापर्यंत लोक माइकवर बोलले. सगळा जोर एकाच गोष्टीवर, कोणी कुठल्या शौचालयात जायचं. ठराव 6 विरुद्ध 5 मतांनी पडला. 23 मार्चला ब्लेकने आत्महत्या केली. एकोणीस पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

मी या दोन गोष्टींना धागा बांधत नाही. कोणाच्या मनात शेवटी काय होतं ते बाहेरच्याने सांगू नये, आणि एका कारणाने कोणी जात नाही हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. पण तारखांनी मात्र थट्टाच केली. पुढच्या वर्षी परिषदेने तोच ठराव मंजूर केला, तर राज्याच्या विधानसभेने घाईघाईने कायदा करून तो रद्दबातल ठरवला, आणि सरकारी इमारतींत, शाळांत जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच शौचालय वापरायचं असं ठरवलं. एचबी टू म्हणतात त्याला. सही झाली 23 मार्च 2016ला. वर्षश्राद्धाच्या दिवशी, म्हणावंसं वाटतं. मग पेपॅल कंपनीने इथली 400 नोकऱ्यांची योजना मागे घेतली, बास्केटबॉलचा मोठा सामना न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि तेव्हा कुठे आमचं शहर हळहळलं. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीतही महिनाभर तोच विषय, सामना गेला, हॉटेलांचं किती नुकसान झालं. ब्लेकचं नाव एकानेही काढलं नाही. मीही नाही.

अठरा हा आकडाही बघ. तेव्हा या राज्यात फॉस्टरमधली मुलं अठराव्या वर्षी सरकारच्या हातातून सुटायची. एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येईल अशी सोय 2017पासून झाली. आपल्या मुलांना आपण पंचविशीतही डबा देतो, आणि या मुलांना म्हणे केक कापला की जा. तुमच्याकडे अठरानंतरच्या मुलांचं काय होतं ते तू मला मागे सांगितलं होतंस, म्हणून इथल्यांनाच नावं ठेवत नाही.

आता तुझा प्रश्न. बाल न्याय कायद्याचं कलम 74 मी तुला सांगायला नको, बालगृहातल्या मुलाची ओळख छापता येत नाही, पत्रकारालाही ठाऊक असणार. पण नाव बदलून, चेहरा धूसर करून छापलं तरी तुमच्या गावात ते पोर कोण हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळेल. आणि तृतीयपंथी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर साडी आणि टाळी येते. मुलगी म्हणून जन्मलेला मुलगा यासाठी आपल्याकडे चित्रच नाही. म्हणजे ते चित्र त्या पोरालाच व्हावं लागणार, दहावीच्या परीक्षेच्या वर्षी.

माझं मत विचारशील तर पत्रकाराला चहा पाज आणि तुझी मुलाखत दे. बालगृहात खोल्या कशा वाटतात, दाखल्यावरच्या नावाचं काय होतं, अठरानंतर मुलं कुठे जातात, हे सगळं तू बोल. वीस वर्षं काढलीस तू त्यात, तुझ्या तोंडी शोभेल. पोराला बोलायचंच असेल तर ते पंचवीस वर्षांचं झाल्यावर बोलेल, घराची किल्ली स्वतःच्या खिशात असताना.

मला खरं तर दुसरंच विचारायचं होतं. तुझा तो मुलगा झोपतो कुठे सध्या? कोपऱ्यातली शिलाई मशिनची खोली रिकामी करता येईल असं तू म्हणाली होतीस. केलीस का? आणि त्याला एक कुलूप लागणारी पेटी दे. पत्र्याची, आपल्याला हॉस्टेलला होती तशी. पैसे मी पाठवते, वाद घालू नकोस.

इकडे रात्रीचे अकरा वाजलेत, म्हणजे तुझ्याकडे पोरांच्या नाश्त्याची गडबड चालू असेल. शनिवारी फोन करते. तोवर हजेरीच्या वहीत त्याचं नाव काय लिहायचं ते त्याला विचारून ठेव, मला पेटीवर रंगवून घ्यायचं आहे.

तुझी,
नीला