बिवा सरोवरावरची कयाक सफर रद्द. पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चअखेर आपल्या जपान सहलीत आम्ही घरचे चौघे होतो. बिवा सरोवरातल्या कयाकिंगसाठी आपण माणशी ९,५०० रुपये जादा घेतलेत. ते परत मागण्यासाठी हे पत्र.

माहितीपत्रकावर पाण्यात उभ्या शेंदरी तोरीचा, म्हणजे जपानी देवळापुढच्या कमानीचा, फोटो, खाली 'सूर्योदयाला इथे वल्हवा'. प्रत्यक्षात आम्हाला ओमी-माइको या दुसऱ्याच किनाऱ्यावर उतरवलं, तेही सकाळी अकराला. ती तोरी शिराहिगे देवळापुढची, रेल्वेनं दोन स्टेशनं पुढे! पण ते एक वेळ सोडून देतो, कारण किनारा खरंच देखणा होता. पांढरी वाळू, पाइनच्या रांगा, समोर ६७० चौरस किलोमीटरचं पाणी. आईला तो समुद्रच वाटला. बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "अगं, गोडं आहे!"

ओलसर वेटसूट कसेबसे चढवले, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, तोच तिथल्या कयाक केंद्रचालकानं हात आडवा केला. हिरा डोंगरावरून वारा सुटला होता, लाटांवर पांढरा फेस दिसत होता. त्यानं आम्हाला उतरू दिलं नाही हे योग्यच झालं. मग मोबाइलवर भाषांतर करून त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. आमचे पूर्ण पैसे तो आपल्या सहल कंपनीला परत करतोय, आणि मार्चअखेरीस हा वारा येतोच. 'हिरा हाक्को' असं त्याला नावही आहे. हिराच्या वाऱ्यापायी कोसेई या तिथल्या रेल्वेमार्गावरच्या गाड्यासुद्धा थांबवाव्या लागतात.

आपलं उत्तर मात्र एका ओळीचं: 'नैसर्गिक आपत्तीमुळे परतावा देय नाही.' नाव घेऊन, ठरल्या दिवसांत येणाऱ्या वाऱ्याला आपत्ती म्हणायचं, तर उद्या जूनमधल्या पावसालाही म्हणाल. तारखा आपणच ठरवल्या होत्या. शिवाय जे पैसे तिथून परत आले, ते आपण कोणत्या नियमानं ठेवून घेतलेत?

पंधरा दिवसांत ३८,००० रुपये खात्यात जमा करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. पावती, माहितीपत्रक आणि केंद्रचालकानं दिलेली रद्द नोंदीची चिठ्ठी यांच्या प्रती जोडल्या आहेत.

पुढच्या सहलीवर देऊ केलेली दोन हजारांची सवलत नको.

आपली,
एक ग्राहक